भूमीचा धोका आणि आपली सावधानता

भूकंप झाला किंवा दरड कोसळली की ‘दैवाने घात केला’ असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. भगवान बुद्धांनी दिलेली दृष्टी याहून निराळी आहे. कोणतीही घटना कारणांवाचून घडत नाही आणि कारण ओळखले तर दुःख कमी करता येते, हे त्या दृष्टीचे सार होय. भूगर्भीय आपत्तींचा या अंगाने विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते. जमिनीचे हलणे आपल्या हाती नाही. परंतु त्या हलण्याने किती घरे पडावीत आणि किती माणसे दगावावीत, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

एखाद्या प्रदेशाची जोखीम जोखताना अभ्यासक तीन गोष्टी पाहतात. पहिली म्हणजे धोका: तेथे भूकंप वा भूस्खलन होण्याचा संभव किती? दुसरी म्हणजे सान्निध्य: त्या धोक्याच्या वाटेवर किती माणसे व घरे आहेत? तिसरी म्हणजे दुर्बलता: आघात झाल्यास ती घरे आणि ती माणसे कितपत टिकाव धरतील? पहिली गोष्ट निसर्गाची आहे. उरलेल्या दोन माणसांनी घडविलेल्या आहेत, म्हणून माणसांना त्या बदलताही येतात.

दुर्बलतेचे मोल किती भयंकर असते, हे महाराष्ट्राने किल्लारीत पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व धाराशिव जिल्ह्यांचा सीमाभाग हादरला. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. साडेसात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी चार वर्षे, ऑक्टोबर १९८९ मध्ये, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. मुक्त झालेल्या ऊर्जेच्या हिशेबाने तो किल्लारीच्या दहापटींहून मोठा. तरी तेथे ६३ माणसे दगावली. भूकंपाची वेळ, वस्तीची दाटी, केंद्राचे अंतर यांचा वाटा या फरकात आहेच. परंतु सर्वांत मोठा वाटा भिंतींचा आहे. किल्लारी परिसरातील घरे चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींची होती आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचा भार होता. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच भिंत झोपलेल्या कुटुंबावर कोसळली. विशेष म्हणजे तत्कालीन भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता.

आता आपल्या आकुर्डीकडे वळू. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील बौद्ध लेणी याच पाषाणात कोरलेली आहेत आणि सुमारे दोन सहस्र वर्षे उभी आहेत. असा पाया लाभणे हे आपले बलस्थान होय. तथापि पुणे जिल्ह्याचा हा भाग २००२ च्या भूकंपविभागणीनुसार तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठ्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले कोयनानगर येथून सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेस आहे, आणि त्या परिसरातील धक्के अद्याप थांबलेले नाहीत.

मध्यम धोका म्हणजे निर्धास्तपणा नव्हे, हे अहमदाबादच्या अनुभवावरून कळते. तेही शहर तिसऱ्याच विभागात आहे. २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भुजजवळ, अहमदाबादपासून २०० किलोमीटरांहून अधिक दूर होते. तरीही अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून केवळ खांबांवर उभारलेल्या इमारतींची हानी त्यांत मोठी होती. नदीच्या गाळाच्या जाड थरामुळे हादरे अधिक तीव्र झाले, हेही त्यामागचे एक कारण. आपल्याकडे खडक सर्वत्र सारख्या खोलीवर लागत नाही. पवना व इंद्रायणीच्या काठी मातीचा थर जाड असू शकतो. जुनी खाण वा ओढा भरावाने बुजवून त्यावर इमारत उभी केली असेल, तर तिचा पाया भरावाखालच्या मूळ खडकापर्यंत नेला आहे का, हे पाहावेच लागते. एकाच गल्लीतील दोन इमारतींची जोखीम म्हणूनच वेगवेगळी असू शकते.

आपले निवासी विद्यार्थी नाना गावांहून येतात आणि सुट्टीत त्या गावांना परततात. म्हणून हा विचार आकुर्डीपुरता ठेवून चालणार नाही. सह्याद्रीत धोका मुख्यतः दरडींचा आहे. मुसळधार पावसात खडकावरील मातीचा थर पाण्याने जड होतो, त्याची खालच्या खडकावरील पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि सुमारे १५० माणसांचा अंत झाला. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी. चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही वार्ता जगाला कळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते.

किल्लारी आणि इर्शाळवाडी यांनी दिलेला धडा एकच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे दरडप्रवणतेचे नकाशे आणि घरांच्या भिंती-छपरांच्या प्रकारांनुसार जिल्हावार धोका दाखविणारा भारताचा आपत्तिप्रवणता नकाशासंग्रह ही साधने मोलाची आहेत. परंतु नकाशा प्रदेशाविषयी सांगतो. तुमच्या घराच्या भिंतीविषयी सांगत नाही. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही.

दुर्बलतेला सामाजिक बाजूही आहे. गावकुसाबाहेर कोणाला राहावे लागले, नदीकाठची सखल जागा वा डोंगरउताराची कड कोणाच्या वाट्याला आली, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. आजही शहरात ज्याची मिळकत तुटपुंजी, त्याला जागा मिळते ती नाल्याच्या काठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी. जोखमीची मोजणी ही म्हणूनच न्यायाचीही मोजणी आहे. मोजणी झाली, लेखी नोंद झाली, तर ग्रामसभेत वा महापालिकेत आधारासह मागणी करता येते.

ही नोंद करण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपापल्या वस्तीतील घरांपुढे उभे राहून काही प्रश्न विचारावेत. घर खडकावर आहे, काळ्या मातीवर की भरावावर? भिंत कशाची, छप्पर किती जड, आणि भिंतींना सलग बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? वरच्या उतारावर नवी भेग पडली आहे का, झाडे वा विजेचे खांब कलले आहेत का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे का? घरात वृद्ध, अपंग वा तान्हे मूल आहे का? बाहेर पडण्याची वाट एकच आहे की दुसरीही आहे? रात्री हाक मारली तर कोण कोणाला उठविणार? उतारावरील खुणा दिसल्यास तलाठ्यास व तहसील कार्यालयास विनाविलंब कळवावे आणि पावसाळ्यात ती जागा आधीच रिकामी करावी. घराची शंका असेल तर जाणकार अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. आपले जे माजी विद्यार्थी बांधकाम, अभियांत्रिकी वा शासकीय सेवेत आहेत, त्यांनी अशा नोंदी तपासण्याचे काम अंगावर घेतले, तर संस्थेचे ऋण फेडण्याचा तो एक उत्तम मार्ग ठरेल.

भगवंतांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादाचा, म्हणजे अखंड जागरूकतेचा, आग्रह धरला. जमीन अनित्य आहे, डोंगरही अनित्य आहेत. ते जाणून भीत बसणे हा धम्म नव्हे. ते जाणून भिंत नीट बांधणे आणि शेजाऱ्याला वेळीच जागे करणे, हा धम्म आहे.