पंच कोण निवडणार? मुख्य निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीचा पाठ



'निवडणूक आयोग' हा पाठ शिकवताना आपण मुलांकडून साधारण तीन वाक्यं पक्की करून घेतो. आयोग स्वतंत्र आहे, त्याची तरतूद संविधानाच्या कलम ३२४ मध्ये आहे आणि मुख्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राष्ट्रपती करतात. तिन्ही वाक्यं बरोबर आहेत, परीक्षेत गुणही मिळतात. पण एखादं चौकस मूल विचारतं, "राष्ट्रपतींना नाव कोण सुचवतं?" खरा पाठ इथूनच सुरू होतो.

मुलांना समजेल असं उदाहरण घ्या. शाळेत कबड्डीचा सामना आहे. पंच कोण, हे लाल संघाच्या कप्तानाने एकट्याने ठरवलं तर? पंच अगदी प्रामाणिक असेल, निर्णयही अचूक देईल. तरी हरलेला निळा संघ कुजबुज करणारच. म्हणजे पंच निःपक्षपाती असून भागत नाही, त्याची निवडही दोन्ही संघांना पटायला हवी.

संविधानसभेतली चर्चा

ही शंका आजची नाही. जून १९४९ मध्ये संविधानसभेत यावर चर्चा झाली. शिब्बनलाल सक्सेना यांनी सुचवलं की, आयुक्ताच्या नावाला संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश बहुमताने मान्यता घ्यावी. अयोग्य किंवा सरकारच्या मुठीतला माणूस या पदावर येऊ शकतो, ही काळजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बोलून दाखवली. शेवटी कलम ३२४(२) मध्ये असं ठरलं की नेमणूक राष्ट्रपती करतील, पण संसदेने याबाबत कायदा केला तर त्याला अधीन राहून.

असा कायदा व्हायला २०२३ साल उजाडलं! तोपर्यंत सरकार नाव सुचवायचं आणि राष्ट्रपती नेमणूक करायचे. त्याच पद्धतीने १९५० मध्ये पहिले आयुक्त सुकुमार सेन आले आणि १९९० मध्ये टी. एन. शेषनही आले, हेही मुलांना सांगायला हवं.

निकाल आणि कायदा

२ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने 'अनूप बरनवाल' खटल्यात निकाल दिला. संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक व्हावी, असं न्यायालयाने सांगितलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. आता पद्धत अशी आहे:

१) कायदामंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील शोध समिती पाच नावांची यादी तयार करते. उमेदवार केंद्र सरकारच्या सचिवाच्या दर्जाचा आजी किंवा माजी अधिकारी असावा लागतो.
२) निवड समिती नाव ठरवते. या समितीत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि पंतप्रधानांनी नेमलेले एक केंद्रीय मंत्री असतात. यादीबाहेरचं नावही समिती विचारात घेऊ शकते.
३) राष्ट्रपती नेमणूक करतात. मुदत सहा वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यांपैकी जे आधी असेल ते.

न्यायालयाच्या समितीतील सरन्यायाधीशांच्या जागी मंत्री आले, हा मुख्य फरक. म्हणजे तीनपैकी दोन जण सरकारचे. विरोधी पक्षनेत्याने 'नाही' म्हटलं तरी निर्णय बदलत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्ञानेश कुमार यांची मुख्य आयुक्तपदी निवड झाली, तेव्हा राहुल गांधी यांनी आपली असहमती नोंदवली. नेमणूक झालीच.

दोन्ही बाजू मांडा

वर्गात आपण कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही, पण प्रश्न टाळायचाही नाही. कायद्याचे समर्थक म्हणतात की, हा अधिकार संविधानाने संसदेलाच दिला आहे, आणि पूर्वी विरोधी पक्षनेत्याला समितीत जागाच नव्हती, ती आता कायद्यानेच मिळाली. मुख्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीची रचनाही अशीच आहे. टीकाकार विचारतात, सीबीआयचा संचालक निवडताना सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायाधीश चालतात, मग इथे का नकोत?

एक गोष्ट मात्र लक्षात आणून द्या. मुख्य आयुक्तांना पदावरून दूर करणं फार कठीण आहे. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याचीच पद्धत लागते, म्हणजे दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. हे संरक्षण योग्यच आहे. पण एकदा नेमलेला माणूस सहजासहजी हटवता येत नाही, म्हणूनच नेमतानाची चाळणी बारीक हवी.

गोव्याचं उदाहरण

ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या निवडणुका वेगळा राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याच्या आयुक्तांना राज्यपाल नेमतात. गोव्यात राज्याच्या कायदा सचिवांकडेच या पदाचा अतिरिक्त कार्यभार दिला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केलं. सरकारी नोकरीत असलेली व्यक्ती राज्य निवडणूक आयुक्त होऊ शकत नाही, असं स्पष्ट केलं. सरकारची नोकरी आणि सरकारच्याच सामन्याचा पंच, दोन्ही एकाच वेळी कसं जमणार?

वर्गात करून बघा

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने आयुक्त निवडणारी समिती तयार करायची: किती सदस्य, कोण, आणि एकमत झालं नाही तर काय? मग एकच अट घाला: "तुमचा पक्ष उद्या विरोधात बसला, तरी हीच समिती तुम्हाला चालेल का?" बऱ्याच गटांना आपली समिती पुन्हा मांडावीशी वाटेल.

पालकहो, हाच प्रश्न घरी जेवताना विचारून बघा. निवडणुकीच्या ड्यूटीवर केंद्रात बसणाऱ्या आपल्या शिक्षकांसाठीही तो महत्त्वाचा आहे. आपण दिवसभर यादी, शाई आणि यंत्र जिवापाड सांभाळतो. त्या मेहनतीवर हरलेल्यानेही विश्वास ठेवायचा, तर सर्वांत वरचा पंच त्यालाही आपला वाटायला हवा.