बंद मुठीची वर्गणी

रविवारची पहिली मिस्सा सुटली की वसईतल्या या धर्मग्रामाच्या सभागृहात आठ-दहा जण टेबलाभोवती जमतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शिक्षिका, एक-दोघे वाडीवाले. प्रार्थना होते, मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं जातं आणि मग एक कापडी पिशवी फिरते. जो तो मूठ मिटून हात आत घालतो. कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे आज काहीच नाही, त्याचीही मूठ तशीच आत जाते.

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची ही ‘सिक्रेट बॅग’. १८३३ साली पॅरिसमध्ये सोसायटी सुरू झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी एक, फ्रेडरिक ओझानाम, जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी होता. तुमच्या धर्माने पूर्वी केलं असेल पुष्कळ, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असं वादसभेत त्याला डिवचलं गेलं. मग तो आणि त्याचे सोबती गरिबांच्या घरी जाऊ लागले; कोणत्या घरी जायचं ते या पोरांना सिस्टर रोझाली रांदू यांनी दाखवलं.

घरभेट हाच आजही या कामाचा कणा. जायचं दोघांनी. फोटो काढणार नाही, या अटीवर मलाही नेलं. (एरवी पाच किलो तांदूळ द्यायला पाच माणसं आणि एक फोटोग्राफर लागतो.) चाळीतल्या एका आजींच्या खोलीत शिरताच तांदूळ-तेलाची पिशवी दाराआड ठेवली गेली, तिचा पुन्हा उल्लेख नाही. आजी बराच वेळ जावयाची गाऱ्हाणी सांगत होत्या. चहा आला. चहाला नाही म्हणायचं नाही, घेणाऱ्यालाही काही देता आलं पाहिजे.

बोलता बोलता शिक्षिकाबाईंनी फळीवरची रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं हातात घेतली. संपायला हव्या होत्या त्या गोळ्या निम्म्या शिल्लक. “एक दिवसाआड घेते गं, पुरवून पुरवून,” आजी म्हणाल्या. उंबऱ्यावरूनच तांदूळ देऊन परतलो असतो, तर हे कळलं नसतं.

पुढच्या बैठकीत यावरून वाद झाला. कोषाध्यक्षांचं म्हणणं, तांदूळ कमी करून गोळ्या द्या. बाई ऐकेनात, तांदूळ तोडले तर आजी जेवणही दिवसाआड करतील, म्हणाल्या. शेवटी मेडिकलवाल्याकडे आजींच्या नावे खातं उघडायचं आणि बिल परस्पर सोसायटीने भरायचं ठरलं. कोषाध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पावती महिन्याच्या महिन्याला हवी, असं बजावलं.