कॅम्परची दुसरी बॅटरी

कॅम्पर व्हॅनमध्ये बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करते. दुसरी घरच्या इन्व्हर्टरसारखी तासन्‌तास दिवे, पंखा, फ्रिज चालवते. ही दुसरी बॅटरी खराब झाली, की चार्ज केल्यावर मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो, पण तासाभरात दिवे मंदावतात. म्हणजे व्होल्टेज ठीक, साठा मात्र आटलेला.

लेड-ॲसिड बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली, की प्लेटांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक धरतात. तेवढा भाग निकामी होतो.

तपासायचं कसं? पूर्ण चार्ज करून काही तास बॅटरी तशीच ठेवा. मग १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा भार टाका. चांगल्या बॅटरीत १० तासांनीही जवळपास निम्मा साठा उरतो. तीन-चार तासांतच ती १२ व्होल्टच्या खाली घसरली, तर बदलायची वेळ झाली.

काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडवा, बसवताना ती शेवटी जोडा. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकून शॉर्ट होईल. लिथियम बॅटरी घेणार असाल, तर चार्जरही तिला साजेसाच हवा. जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्या. आतलं शिसं विषारी असतं आणि पुन्हा वापरताही येतं.