हळदीच्या पाकिटाला भाव शून्य

भंगाराच्या गोडाऊनमध्ये हळदीचा वास येईल असं कुणाला वाटेल? कराडजवळच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आंबलेलं दूध, भिजका पुठ्ठा आणि धूळ यांचा नेहमीचा दर्प होता. त्यातच मध्येच खमंग हळद नाकात शिरली. ढिगाच्या कडेला पोत्यावर बसलेल्या मावशींची बोटं पिवळी झाली होती. हातात एक चकचकीत पाकीट, त्यावर सांगलीच्या हळदीचं नाव आणि खाली ऑनलाइन मागणीसाठी वेबसाइटचा पत्ता. मावशींनी ते मुठीत चुरगाळलं, आवाज ऐकला आणि मागच्या ढिगात भिरकावलं.

"ह्याला काय भाव येतो?" मी विचारलं.

"शून्य," त्या म्हणाल्या आणि पुढची पिशवी उचलली.

मावशींचं काम निम्मं हाताचं, निम्मं कानाचं. दुधाची पिशवी दाबली तर आवाज करत नाही. ती धुऊन वेगळी, तिला गिऱ्हाईक आहे. पाण्याची बाटली कडक वाजते. तिला चांगला भाव. वेफरचं, मसाल्याचं, हळदीचं पाकीट मात्र चुरचुरतं. "चुरचुरलं की गेलं," हा त्यांचा नियम. कुरिअरची पिशवी खरं तर मऊ, विकली जाणारी. पण तिच्यावर चिकटवलेला पत्त्याचा कागद आणि चिकटपट्टी सोलत बसायला वेळ कुणाला आहे? रोजगार काट्यावर ठरतो. म्हणून तीही बऱ्याचदा मागच्या ढिगातच जाते. या मागच्या ढिगाला कुणी नाव ठेवलेलं नाही. सगळे त्याला 'मागचं' म्हणतात.

पाकिटावरचा वास घेऊन मी सांगलीला गेलो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी २०१६ मध्ये इथल्या बेदाण्याला मिळालं होतं. तेव्हापासून नावाचा भाव वाढला आणि अनेक घरांतली तरुण मंडळी थेट गिऱ्हाइकाला माल पाठवू लागली. एके काळी ही हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात मुरायची आणि पोत्यांतून परमुलखात जायची. आता मार्केट यार्डातून आणलेली हळद दळून, पाकिटात भरून, तोंड सील करून, कुरिअरच्या पिशवीत घालून संध्याकाळच्या गाडीला लावली जाते.

अशाच एका घरगुती धंद्याच्या माळ्यावर मालकाचा मुलगा मला पाकीट कापून दाखवत होता. बाहेर छपाईचा थर, मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, आत प्लास्टिक. "उजेड लागला की हळदीचा रंग उडतो, दमट हवेत गुठळ्या होतात. साध्या पिशवीत पाठवली तर गिऱ्हाईक फोटो काढून परत पाठवतं," तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. थर एकमेकांना असे चिकटलेले, की नखाने सुटेनात. जे गुण हळद राखतात, त्याच गुणांनी मावशींच्या काट्यावर शून्य येतं.

कायद्याला हे पाकीट चांगलं ठाऊक आहे. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने प्लास्टिक वेष्टनासाठी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. वेष्टनाचे गट पाडले. प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचा थर असलेलं आपलं हळदीचं पाकीट तिसऱ्या गटात बसतं. वेष्टन बनवणारा, आयात करणारा आणि त्यावर आपलं नाव छापून विकणारा, तिघांनीही बाजारात सोडलेल्या वजनाचा हिशेब द्यायचा. ऑनलाइन विक्रीची मोठी दालनंही यात आली. एक-दोन राज्यांत धंदा असेल तर नोंदणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्याहून जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. ऑनलाइन विकणाऱ्याची मागणी गुवाहाटीहूनही येते आणि कोचीहूनही; म्हणजे तो पहिल्या दिवसापासून केंद्राच्या दारात.

पण नाव छापून विकणाऱ्यांत हे सगळं फक्त मध्यम आणि मोठ्यांना. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना नाव छापून विकल्याबद्दल सूट आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा शंभर कोटींच्या उलाढालीपर्यंत गेली. "शंभर कोटी?" मुलगा हसला. "लघु उद्योगाचा 'उद्यम' दाखला जोडला की आम्ही सुटलो."

तो सुटला, हे योग्यच झालं. माळ्यावर चार माणसं घेऊन हळद भरणाऱ्याला पोर्टलवर वजनांचे तक्ते भरायला लावणं हा जुलूम झाला असता. त्याच्या पाकिटाचा भार कायद्याने हवेत सोडलेला नाही, तो पाकीट बनवणाऱ्यावर राहतो. तोही लहान असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनुसार प्लास्टिकचा कच्चा माल तयार किंवा आयात करणाऱ्यावर. जबाबदारी अशी पायरी-पायरीने वर चढत जाते. पाकीट मात्र खाली, कराडच्या शेडमध्ये पडून राहतं.

कारण ही जबाबदारी फिटते ती वजनात आणि कागदावर. कंपनीने देशात कुठल्याही नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून त्याच गटाच्या तितक्या वजनाचं प्रमाणपत्र घेतलं की हिशेब मिटला. सांगलीच्या पाकिटाचं देणं शेकडो मैलांवरच्या कारखान्यात चुकतं होऊ शकतं. ते तरी खरोखर चुकतं होतं का? २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या चार पुनर्प्रक्रिया कंपन्यांची सहा लाखांच्या घरातली बनावट प्रमाणपत्रं सापडली. सहा लाख! तिकडे न उचललेल्या कचऱ्याच्या कागदाला मोल, आणि इकडे हातात धरलेल्या पाकिटाला शून्य.

गोडाऊनच्या मालकाला विचारलं, मागचं जातं कुठे. नियमानुसार ज्याचं पुन्हा प्लास्टिक होत नाही ते सिमेंटच्या भट्टीत जाळता येतं. इथून जवळच्या भट्ट्या म्हणजे कर्नाटकात, बागलकोटच्या बाजूला. "हलका फुलका माल, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. डिझेल कोण देणार?" मालकाचा सवाल होता. हेच कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलेलं. म्हणजे इथे उचलणारे हात आहेत, वेगळं करायची सवय आहे. कमी आहे ती या पाकिटामागे चार पैसे येण्याची.

मावशींना मी हा कायदा जमेल तसा सांगितला. त्या ऐकत होत्या, हात चालूच होते. "मंजे पैसं कुनीतरी भरतंय," त्या म्हणाल्या. "मग आमच्यापत्तूर का येत न्हाईत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नियमांतही ते नाही. असायला हवं. प्रमाणपत्रावर माल कोणत्या तालुक्यातून उचलला हे लिहिणं सक्तीचं करा, आणि प्रमाणपत्राच्या किमतीतला ठरावीक वाटा ज्याने तो वेगळा केला त्याच्या काट्यावर द्या. किलोला दोन रुपये आले तरी चुरचुरणारं पाकीट कुणी भिरकावणार नाही. दुधाच्या पिशवीने हे केव्हाच सिद्ध केलं आहे. भाव आहे म्हणून ती रस्त्यावर सहसा दिसत नाही. आणि हळद, बेदाणा, कंदी पेढे ऑनलाइन विकणाऱ्या सातारा-सांगलीकरांना एवढंच सांगणं, की कायद्याने सूट दिली असली तरी पुढच्या वेळी पाकिटं छापायला टाकताना एकाच जातीच्या प्लास्टिकचं पाकीट मिळेल का, हे छापणाऱ्याला विचारा. दहा जणांनी विचारलं तर तो आणून ठेवेल.