सोंगाचा तोल : बोहाड्याची कारागिरी आणि अंगावर चालणारे यंत्र

माणसाने अंगावर चढवावे आणि तरीही ज्याच्या भागांना स्वतःची गती असावी, अशा साहित्याची आवड अलीकडे ‘स्टीमपंक’ नावाच्या वेशभूषेमुळे जगभर वाढली आहे. एकोणिसाव्या शतकातील वाफेचे तंत्रज्ञान विजेपुढे मागे पडले नसते तर पुढचे जग कसे दिसले असते, या तर्कावर उभ्या असलेल्या कल्पित साहित्याला हे नाव के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने १९८७ मध्ये दिले. पुढे ते कथांपुरते न राहता पितळी दातेरी चाके, चामडी पट्टे, जाड काचांचे चष्मे आणि पाठीवरचे उघडझाप करणारे पंख यांच्या एका वेशालाच लागू झाले. या वेशातील हलणाऱ्या भागांना वाफ अर्थातच चालवत नाही. आत लहानशी विजेची मोटार आणि बॅटरी दडवलेली असते, आणि ती दिसू न देणे हाच निम्मा खेळ असतो.

या परंपरेचा एक पूर्वज थेट मराठी मुलुखातून निघतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८८० मध्ये वाफेवर चालणाऱ्या पोलादी हत्तीची कथा लिहिली. हा हत्ती चाकांवरची दोन घरे ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो, आणि कथेचा आरंभ मात्र १८६७ मधील औरंगाबादेत, नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर करणाऱ्या फलकापासून होतो. (हे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर उभारणारे नानासाहेब म्हणजे बाळाजी बाजीराव त्यांच्या शंभर वर्षे आधीचे.) व्हर्नचा हत्ती कागदावर धावण्याच्या पंधरा वर्षे आधी, १८६५ मध्ये, खरी वाफ थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली होती. त्याच साली विंचूरकर सरदारांनी त्र्यंबकेश्वराला अर्पण केलेला सुमारे ३१ फूट उंचीचा रथ मात्र ओढूनच न्यायचा होता.

तथापि अंगावरच्या यंत्राचा खरा प्रश्न रथात किंवा हत्तीत उपस्थितच होत नाही, कारण त्यांचा भार जमीन उचलते. तो प्रश्न जिथे पिढ्यान्‌पिढ्या हाताळला गेला आहे असे ठिकाण त्र्यंबकच्या पश्चिमेला डोंगरउतारांवर आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसर, लगतचे पेठ व सुरगाणा हे तालुके आणि घाटाखालील मोखाडा व जव्हार या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर या समाजांच्या गावांतून होळीनंतर उन्हाळाभर ‘बोहाडा’ हा मुखवट्यांचा उत्सव चालतो. काही गावांत त्याला ‘भवाडा’ किंवा ‘आखाडी’ म्हणतात. मुखवटा आणि त्याबरोबरचा संपूर्ण वेश यांना मिळून ‘सोंग’ म्हणतात. सोंग घालणारा ते ‘नाचवतो’, आणि अमुक सोंग अमुक घराने नाचवायचे हा मान पुष्कळ ठिकाणी वंशपरंपरेने चालत आलेला असतो.

बोहाडा रात्रीचा असतो. आरंभी गणपती आणि शारदा यांची सोंगे येतात, त्यानंतर रामायण, महाभारत व पुराणे यांतील देव, वीर आणि राक्षस एकामागून एक निघतात, आणि पहाटेच्या सुमारास देवी व महिषासुर यांच्या युद्धाने शेवट होतो. सोंगे सहसा बोलत नाहीत. संबळ आणि सनईसारखे सूरवाद्य यांच्या ठेक्यावर गावाच्या वाटेने पुढे-मागे पावले टाकत ती मांडवापर्यंत जातात, आणि पूर्वी फक्त मशाली व टेंभे यांच्या उजेडात हा प्रवास होत असे. या उजेडाचा विचार केल्याखेरीज मुखवट्याचे रंगकाम समजत नाही. दिवसा भडक, क्वचित बटबटीत वाटणारे लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे हलत्या ज्वाळेत बरोबर उठून दिसतात, आणि स्थिर चेहऱ्यावर सावल्या फिरू लागल्या की भुवया आणि दात हलल्याचा भास होतो. मुखवट्यात एकही हलता भाग नसताना साधलेली ही गती आज हॅलोजनच्या सपाट झोतात बरीचशी हरवते, ही खेदाची बाब आहे.

मुखवटा घडवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली लाकडाची. तीत हलके आणि कोरायला मऊ लाकूड निवडून चेहरा बाहेरून कोरायचा आणि आतून पोखरून काढायचा असतो. वजन प्रामुख्याने या पोखरण्यात घटते, म्हणून कारागिराचे कसब समोरून दिसणाऱ्या नाकाडोळ्यांइतकेच आतल्या बाजूच्या समान जाडीत असते. दुसरी रीत कागदाची. मातीच्या साच्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवून किंवा भिजवून कुटलेल्या कागदाचा लगदा थापून कवच तयार करतात, ते वाळल्यावर साच्यापासून सोडवतात आणि मग रंगवतात. लगद्यात मेथी वाटून घालण्याची पद्धत महाराष्ट्रातील घराघरांत कागदी टोपल्यांसाठीही होती. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो आणि तिच्या कडवटपणामुळे कीड लांब राहते असा समज आहे. कागदी मुखवटा लाकडीपेक्षा हलका असतो, मात्र त्याला घामाची आणि अवकाळी सरीची भीती असते.

सोंगाचा भार कोठे टेकतो, हा या साऱ्या कारागिरीचा गाभा आहे. केवळ चेहऱ्यापुरता मुखवटा असेल तर डोक्याला व गालांना फडके गुंडाळून त्यावर तो बांधतात, त्यामुळे कडा घासत नाहीत आणि घामही टिपला जातो. रावणासारख्या सोंगाला दहा तोंडांचा विस्तार आणि जादा हात लागतात, आणि हा पसारा केवळ मानेवर पेलता येत नाही. म्हणून मोठ्या सोंगांत बांबूच्या कामट्यांचा किंवा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करून तो पाठीशी व कमरेशी आवळतात, म्हणजे भार मणक्याच्या वरच्या टोकाला न राहता कटीच्या हाडांवर उतरतो. गिर्यारोहकांच्या पाठपिशवीला असलेला कमरपट्टा हेच काम करतो. बांबू या कामासाठी विशेष योग्य ठरतो, कारण वजनाच्या मानाने तो वाकण्याला मोठा प्रतिकार करतो, आणि तो तुटण्याआधी लवतो. नाचणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला सांगाडा किंचित लवून परततो. कडक लोखंडी चौकटीत हाच धक्का सरळ खांद्यांत उतरला असता.

आता अशा सांगाड्यात मोटार बसवायची झाली, समजा शोभायात्रेतील किंवा नाट्यस्पर्धेतील एखाद्या गरुडाचे पंख उघडझाप करायचे झाले, तर हिशेब कसा मांडावा लागेल ते पाहणे उद्बोधक आहे. प्रत्येक पंख ६०० ग्रॅमचा आणि त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सारे वजन जेथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू, बिजागरीपासून ४० सेंटीमीटरवर असेल, तर पंख आडवा धरून ठेवायलाच २४ किलोग्रॅम-सेंटीमीटर इतके पीळबल लागते. पीळबल म्हणजे वजन आणि अंतर यांचा गुणाकार, फिरवण्याची ताकद. खेळण्यांत व छंदाच्या यंत्रांत वापरली जाणारी नेहमीची सर्व्हो मोटार, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून तेथे थांबणारी मोटार, साधारण १० किलोग्रॅम-सेंटीमीटरच्या आसपास पीळबल देते. नवखा रचनाकार येथेच फसतो आणि अधिक मोठी मोटार आणतो. मोठ्या मोटारीला मोठी बॅटरी लागते, बॅटरीमुळे सांगाडा जाड करावा लागतो, आणि शेवटी पंख हलतात पण माणूस हलत नाही. बिजागरीच्या अलीकडे स्प्रिंग किंवा ताणलेली रबरी पट्टी लावून पंखाचे बहुतेक वजन आधीच तोलून धरले तर तीच लहान मोटार पुरते. सोंगाच्या सांगाड्यातही मोठी मस्तके कडेला असली तरी ती दोन्ही बाजूंना तोलूनच बांधावी लागतात.

दुसरा मार्ग दातेरी चाकांच्या पेटीतून गती उतरवलेल्या साध्या मोटारीचा. मिनिटाला ६००० फेरे घेणारी मोटार तीनशे पटीने मंद केली की २० फेरे उरतात, आणि घर्षणात जाते ते वगळता पीळबल त्याच प्रमाणात वाढते. या गोल फिरण्याचे रूपांतर वर-खाली होण्यात करण्यासाठी भुजा आणि जोडदांडी वापरतात. मोटारीच्या अक्षावरची भुजा २ सेंटीमीटरची आणि पंखाच्या बुडाशी जोडदांडीने धरलेली दांडी ५ सेंटीमीटरची असेल, तर पंख सुमारे ४७ अंशांत झुलतो. मोटारगाडीच्या काचेवरचा वायपर असाच झुलतो, आणि भंगारातली वायपर मोटार १२ व्होल्टवर चालणारी व भरपूर ताकदीची असल्याने ती हलत्या देखाव्यांसाठी सोयीची ठरते. स्थिर देखाव्यात तिचे वजन खपून जाते, पाठीवर मात्र ते जाचते. स्टीमपंक वेशात पुष्कळदा शोभेसाठी चिकटवलेली दातेरी चाके एकमेकांत गुंततच नाहीत. खरोखर काम करणारी ही साधी भुजा उघडी ठेवली तर ती त्या नकली पितळेपेक्षा अधिक देखणी दिसते.

ऊर्जेसाठी १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे लिथियम घट सर्वत्र मिळतात. असे अडीच अँपियर-तासाचे तीन घट एकापुढे एक जोडले तर ११.१ व्होल्ट आणि सुमारे २८ वॅट-तास मिळतात, आणि २ अँपियर ओढणारी मोटार त्यावर सव्वा तास चालते. वजन जेमतेम १५० ग्रॅम. धडधाकट माणूस दिवसभराच्या श्रमात सरासरी ७५ वॅट काम करू शकतो असे धरतात, म्हणजे या घटांतील सगळी ऊर्जा तो बावीस-तेवीस मिनिटांत पुरवू शकतो. नाचणारा माणूस पंख चालवणाऱ्या मोटारीपेक्षा कितीतरी बलवान असतो, आणि म्हणून पायाच्या किंवा कोपराच्या हालचालीला दोरी बांधून पंख ओढणे ही कल्पना भोळी नाही. मोटार अडकली तर ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, तारा तापतात, आणि वेश कापडाचा, कागदाचा व बांबूचा असतो. त्यामुळे घटांच्या अगदी जवळ फ्यूज आणि हाताला चटकन लागेल असे बंद करण्याचे बटण यांवाचून असे यंत्र कोणाच्या अंगावर चढवू नये. पट्टाही एका खटक्यात सुटणारा हवा.

खर्चाचा विषय निघाला की सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण आठवते, पण मोटार-बॅटरीचा खर्च आता फार राहिलेला नाही. मग बोहाड्याच्या सोंगात मोटार का बसवू नये, या प्रश्नाचे उत्तर खर्चाबाहेरचे आहे. बोहाड्यात मुखवट्याची पूजा होते आणि तो चढवल्यावर माणूस देव किंवा दैत्य मानला जातो. त्र्यंबकेश्वराचा पंचमुखी सोन्याचा मुखवटा दर सोमवारी पालखीतून कुशावर्त कुंडावर नेला जातो, तेथेही मुखवटा हा देवाचे रूपच असतो. संबळाचा ठेका चढला की सोंग चढते, ठेका मंदावला की ते निवते. मिनिटाला ठरलेल्या वीस फेऱ्यांनी झुलणारा हात या चढ-उताराला दाद देऊ शकत नाही. याच उत्सवपरंपरेशी नाते सांगणारे ‘सोंगी मुखवटे’ हे नृत्य मंचावर गेले आहे आणि तेथे प्रकाशयोजना, ध्वनी इत्यादी आधुनिक साधने त्याने स्वीकारली आहेत. मंचासाठी केलेल्या आवृत्तीत यंत्र आले तर ते विसंगत ठरणार नाही. गावच्या वाटेवर ते उपरे ठरेल. सांगाड्याची विद्या मात्र दोन्हीकडे सारखीच उपयोगी आहे, आणि पंखांच्या यंत्राचे आराखडे परदेशी चित्रफितींत शोधणाऱ्याने आधी हरसूलकडच्या एखाद्या मोठ्या सोंगाची मागची बाजू नीट पाहावी.

हंगाम संपल्यावर मुखवटे फडक्यात गुंडाळून घराच्या माळ्यावर कोरड्या जागी ठेवतात, आणि पुढच्या वर्षी उडालेला रंग नव्याने देऊन ते पुन्हा उतरवतात. एकावर एक चढलेल्या रंगांमुळे जुन्या मुखवट्यांचे नाकडोळे किंचित बोथट झालेले असतात. यंत्राच्या वेशाला ही सवलत नाही. त्याचे घट काढून, प्रत्येकी ३.७ ते ३.८ व्होल्टपर्यंत म्हणजे साधारण अर्धे भारित करून, वेगळे आणि थंड जागी ठेवावे लागतात, कारण पूर्ण भारित घट उन्हाळ्याच्या उष्णतेत लवकर खराब होतात आणि पूर्ण रिकामे घट वर्षभरात पुन्हा न उठण्याइतके खाली जातात. बिजागऱ्यांना पावसाळ्याआधी तेल द्यावे लागते, आणि रबरी पट्ट्या दरवर्षी बदलाव्या लागतात.