लंडन जवळ आले, सहार लांब गेले

8 जून 1948 ला 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. बॅलार्ड पिअरहून बोटीने जाणाऱ्याला जिथे दोन-अडीच आठवडे लागत, तो प्रवास विमानाने साधारण एका दिवसावर आणला. 1960 मध्ये बोइंग 707 आले आणि ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपासचा वेग नऊशेच्या घरात गेला. बारा वर्षांत एवढी मजल, आणि पुढच्या पासष्ट वर्षांत जवळपास काहीच नाही! आजचे 787 सुद्धा त्याच वेगाने उडते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ जाताना हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च आवाक्याबाहेर जातो. त्यामुळे मुंबई-लंडन प्रवासातला वेळ वाचतो की वाया जातो, हे 1960 नंतर आकाशात कमी आणि उपनगरांतल्या रस्त्यांवर जास्त ठरत आले आहे.

यावर कोणी म्हणेल, मधले थांबे गेले, हा फायदा नाही का? आहेच. इंजिने काटकसरी झाली म्हणून विमान न थांबता जाऊ लागले आणि काही तास खरोखर वाचले. मोठ्या विमानांमुळे तिकीटही मध्यमवर्गाच्या हाती आले. वेगापेक्षा ही क्रांती मोठी म्हणावी लागेल. पण वाचलेल्या तासांतले थोडे परत द्यावे लागतात. दोन शहरांतले सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर असले, तरी विमान मोकळ्या आकाशातूनच जाणार. पाकिस्तानची हवाई हद्द 2019 मध्ये काही महिने बंद होती, एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना ती पुन्हा बंद झाली. युक्रेनवरून तर 2022 पासून कोणीच जात नाही. त्यात जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. नऊ-दहा तास धरून चालावे लागते.

आता जमिनीवरचा हिशेब. मुलुंडहून सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ पंधरा-सोळा किलोमीटर. तरी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा भरवसा नाही म्हणून मुलुंडकर दीड-दोन तास हाताशी ठेवून निघतो, आणि विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे ते वेगळेच. म्हणजे लंडनच्या उड्डाणाच्या निम्मा वेळ विमान हलण्याआधीच गेला. यात खरी कपात विमान कंपन्यांनी केली नाही, मेट्रोने केली. 8 जून 2014 ला (तारखेचा योगायोग पाहा) वर्सोवा-घाटकोपर मार्ग सुरू झाला आणि तासाभराची अंधेरी-घाटकोपर वाट वीसेक मिनिटांवर आली. ऑक्टोबर 2024 मध्ये भुयारी मार्ग 3 चा पहिला टप्पा सुरू झाल्यावर घाटकोपरकराला मरोळ नाक्याला गाडी बदलून पुढच्याच स्थानकावर टर्मिनल 2 गाठता येऊ लागले. दोन मोठ्या बॅगा आणि सोडायला आलेले अख्खे कुटुंब घेऊन मेट्रोत कोण चढणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याहून मोठी अडचण अशी की परदेशची अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. परतणाऱ्या नातेवाइकांना तेव्हा मेट्रो मिळत नाही. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. परदेशची विमाने तिकडे वळली, तर ऐरोली पुलाजवळच्या मुलुंडकराचे फारसे बिघडणार नाही. बोरिवलीकराला मात्र अख्खी मुंबई ओलांडावी लागेल.