कमाईच्या ब्लॉगसाठी थीम निवडताना

घरबसल्या चार पैसे मिळावेत म्हणून हल्ली अनेक जण ब्लॉग सुरू करतात. आपण वापरलेल्या वस्तूंविषयी लिहायचे, खाली खरेदीची लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली की दुकानाकडून थोडे कमिशन मिळवायचे. यालाच अॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. अॅमेझॉनने 1996 मध्ये आपला असा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली.

लिहायची हौस असते, विषयही ठरलेला असतो. पण गाडी अडते ती थीमपाशी. थीम म्हणजे वेबसाइटची मांडणी, रंग, अक्षरे आणि मेन्यू. वर्डप्रेसवर हजारो थीम फुकट मिळतात. डेमोतले सुंदर फोटो पाहून आपण एखादी निवडतो, चार दिवसांनी ती बदलतो, मग आणखी एक. यात महिना जातो आणि लेख मात्र एकही लिहून होत नाही.

समजा, चेन्नईच्या एग्मोर भागात राहणारी एक मराठी गृहिणी फिल्टर कॉफीच्या भांड्यांवर ब्लॉग सुरू करते आहे. एग्मोरच्या 1908 सालच्या जुन्या स्टेशनातून तंजावर-मदुराईकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे दक्षिण फिरून परततात तेव्हा त्यांना कॉफी फिल्टर हवाच असतो. मग प्रश्न सुरू होतात. पितळेचा घ्यावा की स्टीलचा? दोघांसाठी केवढा? डबरा आणि टंबलर वेगळे मिळतात का? हे प्रश्न हाच तिचा मजकूर आहे. तिने थीम कशी निवडावी?

आधी पाच लेख लिहा

वर्डप्रेससोबत आपोआप येणाऱ्या थीमवर सुरुवात करा आणि आधी पाच लेख लिहून टाका. म्हणजे आपल्याला काय लागते ते कळेल. कॉफी फिल्टरच्या लेखाला एक तुलनेचा तक्ता हवा. त्यात धातू, किती कप, धुवायला सोपा की अवघड, अशी माहिती येईल. एक स्पष्ट फोटो, खरेदीचे एक बटण आणि शेवटी नेहमीचे प्रश्न, एवढे पुरते. वर सरकणाऱ्या चित्रांची पट्टी किंवा उडत येणारी अक्षरे यांची गरज नसते.

घाई करायला आणखी एक कारण आहे. अॅमेझॉनच्या कार्यक्रमात नाव नोंदवल्यावर पहिल्या 180 दिवसांत किमान 3 विक्री व्हावी लागतात, नाहीतर खाते बंद होते. म्हणून आधी लेख, नंतर नोंदणी हा क्रम बरा.

पुण्याच्या थीमची गोष्ट

जगभर वापरली जाणारी अॅस्ट्रा ही थीम आपल्या पुण्यातली. ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीने ती 2017 मध्ये आणली. हलकी असल्याने ती झपाट्याने लोकप्रिय झाली आणि 2020 पर्यंत दहा लाखांहून अधिक वेबसाइट्सवर पोहोचली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही थीम वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतून काही काळ काढण्यात आली. कारण अॅफिलिएट लिंकचेच होते. थीममध्ये अशा लिंक नसाव्यात, हा यादीचा नियम. अॅस्ट्राच्या कोडमुळे दुसऱ्या काही प्लगइनच्या लिंकना कंपनीचा अॅफिलिएट कोड जोडला जात होता. कंपनीने तो भाग काढला आणि थीम यादीत परत आली.

यातून दोन गोष्टी कळतात. अधिकृत यादीतल्या थीमवर कुणाचे तरी लक्ष असते, म्हणून थीम तिथूनच घ्यावी. अॅस्ट्रा, जनरेटप्रेस, कॅडेन्स यांच्या मोफत आवृत्त्या छोट्या ब्लॉगला पुरेशा आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे, पैशाचा संबंध लपून राहिला की कितीही मोठ्या नावाला जाब द्यावा लागतो.

महागडी थीम फुकट देतो म्हणणाऱ्या साइट्सपासून मात्र दूर राहा. अशा चोरीच्या प्रतींमध्ये घातक कोड दडवलेला असू शकतो. तो तुमच्या लिंक बदलून कमिशन भलत्याच्याच खिशात घालू शकतो.

परीक्षा फोनवर घ्या

आपण ब्लॉग लॅपटॉपवर बनवतो, पण वाचणारे बहुतेक फोनवर असतात. म्हणून थीमचा डेमो स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून उघडा. गूगलच्या मोजमापानुसार पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनावर हे तपासता येते.

तक्ता स्क्रीनबाहेर जातो का? बटण अंगठ्याने नीट दाबता येते का? वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो का? या तीन प्रश्नांत थीम पास-नापास ठरते.

मराठी अक्षरे नीट दिसतात का?

बहुतेक डेमो इंग्रजीत असतात. तिथे देखण्या दिसणाऱ्या थीममध्ये मराठी मजकूर टाकला की वेलांट्या कापल्या जातात, ओळी एकमेकींना चिकटतात. यासाठी अक्षराचा आकार 18 पिक्सेलच्या आसपास आणि ओळींचे अंतर 1.6 ते 1.8 ठेवा. अक्षरांमधले जादा अंतर शून्य करा, कारण ते वाढवले की शिरोरेषा तुटते.

मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हा फॉन्ट मोफत आहे आणि फोनवर वाचायला छान. त्याची सात वजने आहेत, पण साधे आणि ठळक एवढी दोनच घ्या. जास्त घेतली की पान जड होते. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट खास त्यासाठीच बनवलेला आहे. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडायला विसरू नका.

बदल कुठे करायचे?

थीमच्या मूळ फाइलमध्ये हात घातला की पुढच्या अपडेटला सगळी मेहनत पुसली जाते. रंग, अक्षरे, बटणे हे बदल कस्टमायझरमधून किंवा नव्या प्रकारच्या थीममध्ये एडिटरच्या स्टाइल्समधून करा. ते सुरक्षित राहतात. कोडच बदलायचा असेल तर चाइल्ड थीम बनवा. ती मूळ थीमवर बसते, पण तुमचे बदल वेगळे जपते.

रंग दोनच ठेवा आणि त्यातला ठळक रंग फक्त खरेदीच्या बटणासाठी राखून ठेवा. मेन्यूतही चारच गोष्टी पुरेत. आपल्या कॉफीच्या ब्लॉगला फिल्टर, डबरा-टंबलर, कॉफी पावडर आणि माझ्याविषयी.

कमिशनची पाटी वरच लावा

या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळते, हे वाक्य लेखाच्या सुरुवातीलाच चौकटीत द्या. तळाशी बारीक अक्षरांत नको. ही चौकट एकदा पॅटर्न म्हणून साठवली की प्रत्येक लेखात एका टॅपवर येते. अॅमेझॉन आपल्या सदस्यांकडून अशा जाहीर उल्लेखाची मागणी करते. शिवाय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला आर्थिक संबंध उघड करायला हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अॅफिलिएट लिंकला स्पॉन्सर्ड ही खूण जोडा, गूगललाही ते अपेक्षित आहे. किंमत हाताने लिहू नका. ती रोज बदलते आणि लेखातली जुनी किंमत पाहून गेलेला वाचक दुकानात चिडतो.

तक्त्याखाली आणखी एक ओळ ठेवा, ही वस्तू कुणी घेऊ नये. एकट्याने राहणाऱ्याने सहा कपांचा फिल्टर घेऊ नये, असे सांगितले तर एक विक्री जाईल. पण हेच वाचून मावशी-आत्या-मैत्रिणी पुढच्या खरेदीला पुन्हा तुमच्याकडेच येतील. छोट्या ब्लॉगचे वाचक बहुधा ओळखीचेच असतात, त्यांचा भरवसा एकदा गेला की कुठलीच थीम तो परत आणत नाही.

तेव्हा थीमला एक शनिवार-रविवार द्या, त्याहून जास्त नाही. सोमवारी सहावा लेख लिहायला बसा.